दुसऱ्या पसंतीच्या कमलिनीवहिनी

चिखलीच्या शाळेत आपण खो-खोच्या संघात होतो, असं कमलिनीवहिनी सांगतात. कुठल्या जागेवर खेळायचात, असं विचारलं की "राखीव" म्हणतात. आणि तेही अशा थाटात की ऐकणाऱ्याला ती मैदानावरची एखादी मोक्याची जागा वाटावी.

लग्नाचंही तसंच. श्रीनाथदादांचं आधी दुसरीकडे ठरलं होतं. त्या मुलीने साखरपुड्याच्या आठवड्यात "मी वाळवंटात जाणार नाही" म्हणून हात वर केले, मध्यस्थांची पळापळ झाली आणि त्या पळापळीत कुणाला तरी चिखलीची कमलिनी आठवली. अमिरातीतल्या अल ऐनला आल्यावर रुग्णालयाच्या स्वागतकक्षात नोकरी लागली, तीही रजेवर गेलेल्या लिसी नावाच्या मल्याळी बाईच्या जागी, तीन महिन्यांपुरती. लिसी केरळातून परतलीच नाही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. जुने डॉक्टर अजून चुकून वहिनींना लिसी म्हणतात, आणि वहिनी ओ देतात.

"अहो, सांगा ना त्यांना तुमचं नाव," मी एकदा म्हटलं.

"कशाला? काम तर होतंय ना?"

अशा या बाईने गेल्या मार्चमध्ये दुबई आणि शारजा या दोन बलाढ्य फौजांना एकाच दुपारी गारद केलं. मी तिथे होतो. नुसता होतो असं नाही, निवडणूक अधिकारी होतो. म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण आधी वहिनींची कीर्ती सांगायला हवी, नाहीतर निकाल चमत्कार वाटेल. इथे शाळा असो, जिम असो, ऑफिस असो, प्रत्येक जण संकटकाळी फोन करायला दोन नंबर मागतो. पहिला नंबर सोपा असतो, नवऱ्याचा किंवा बायकोचा. दुसऱ्याला पेन अडतं. आत्या शेगावला, मामा साताऱ्याला, शेजारी इजिप्तचे आणि ते फोन उचलत नाहीत. मग लोक लिहितात कमलिनीवहिनी. अल ऐनचे लिहितात ते ठीक, पण दीड तासावरच्या दुबईतले आणि शारजातलेही लिहितात. कारण एकच, त्या पहिल्या रिंगला फोन उचलतात. एकदा आम्ही गप्पा मारता मारता सहज विचारलं, तर तिथे बसलेल्या प्रत्येकाने दुसऱ्या रकान्यात वहिनींनाच टाकलेलं निघालं. वहिनींना याची कल्पना नव्हती. त्या म्हणाल्या, "तरीच मला इतक्या शाळांचे फोन येतात!"

चंद्रशेखरदादांची मुलगी ऋचा शाळेत पडली आणि तिचा हात मोडला, तेव्हाचा प्रसंग तर सगळ्यांना पाठ आहे. दादा एका साइटवर, त्यांची बायको मंजुषावहिनी विमानात. दोघांचेही फोन बंद. शाळेने दुसरा नंबर फिरवला. कमलिनीवहिनींनी अल ऐनमध्ये बसल्या बसल्या शाळेजवळच्या ऑफिसातल्या निखिलला उठवून शाळेत पाठवलं, रुग्णालयात ओळखीच्या नर्सला सांगितलं आणि मग स्वतः गाडी काढली. दादा धापा टाकत पोचले तेव्हा प्लास्टर झालं होतं आणि वहिनी ऋचाला ज्यूस पाजत होत्या. ऋचा वडिलांना म्हणाली, "बाबा, यू आर लेट. आंटी इज हिअर."

दादा म्हणाले, "थँक यू वहिनी, तुमचे उपकार विसरणार नाही." आणि पंधरा दिवसांनी स्नेहसंमेलनात अल ऐनच्या बायकांचा झिम्मा जेवणाची घोषणा झाल्यावर ठेवला. सगळा हॉल पंगतीला गेला. झिम्मा खुर्च्यांनी पाहिला.

आता ही संमेलनं करते कोण? तर 'आपला परिवार'. मंडळ म्हणायचं नाही. मंडळ म्हटलं की परवानग्या आल्या, म्हणून परिवार. दुबई, शारजा, अल ऐन मिळून चारशेवीस कुटुंबं. आकडा खरा आहे, हसू नका. दुबईची एकशेऐंशी, शारजाची एकशेऐंशी, अल ऐनची साठ. कार्यकारिणीत सहा माणसं. दर वर्षी निवडणूक, प्रत्येकाने सहा नावांपुढे टिक करायची. दुबई शारजाला टिक करायची, शारजा दुबईला, आणि अल ऐनची साठ कुटुंबं आपल्याच माणसाला टिक करून घरी जायची. आजवर एकदाही अल ऐनचा माणूस निवडून आला नव्हता.

मग व्हायचं काय, तर परिवाराची सहल जबल हफीतला ठरायची. डोंगर अल ऐनचा, ऊन अल ऐनचं आणि सहल कधी आहे हे अल ऐनकरांना व्हॉट्सअॅपवरून कळायचं. खाली एक ओळ असायची : नाश्ता आणि चहा अल ऐनकरांनी बघावा.

या वर्षी मात्र अल ऐनकरांचं डोकं फिरलं. वहिनींच्या दिवाणखान्यात सगळे जमले. सूर एकच होता : खलास, वेगळी चूल मांडू. भिवाकाका, ज्यांचं तिथल्या सनैय्यात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, टायरचं दुकान आहे आणि ज्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही, तेसुद्धा म्हणाले, "मग मांडूच." अर्थात त्याआधी कुणीतरी "नको मांडायला" म्हणालं होतं, त्यालाही ते "नकोच" म्हणाले होते.

विरोधात एकट्या वहिनी. "साठ घरं वेगळी होऊन काय करणार? निम्मी सुट्टीत भारतात, उरलेली ड्युटीवर. गणपतीत आरती म्हणायला मी आणि श्रीनाथ."

"मग असंच सोसायचं का?"

"एकदा शेवटचं बघू," वहिनी म्हणाल्या. "एक जागा. फक्त एक. मिळाली तर राहायचं. नाही मिळाली तर ग्रुपमधून पहिली मी बाहेर पडेन, मग तुम्ही."

असं ठरलं. उमेदवार म्हणून तेल कंपनीतला सत्यजित उभा राहणार होता. बोलका, उंच, कोट घालणारा. त्याची मस्कतला बदली झाली. मग सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या.

"मीच का?"

"तुम्ही आहातच ना," भिवाकाका म्हणाले.

इकडे दुबईत वेगळंच शिजत होतं. चंद्रशेखरदादा म्हणजे आमचे कायमचे अध्यक्ष. जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्यांचं ऑफिस. दुकानं, ऑफिसं आतून सजवून देण्याची कंत्राटं घेतात. मनाने मोठा माणूस, फक्त खुर्चीवरून उठायला जड. दर वर्षीच्या निवडणुकीचा त्यांना कंटाळा आला होता. एके दिवशी त्यांनी टीव्हीवर राज्यसभेच्या निवडणुकीची बातमी पाहिली आणि मला बोलावून घेतलं.

"वेदांग, तू एमपीएससी केलीस ना?"

"केली नाही दादा, दिली."

"तेच रे. राज्यसभा कशी होते, सांग."

तीन वर्षं घोकलेलं कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. मी सुटलो. म्हटलं, राज्यसभेला तुम्ही-आम्ही थेट मत देत नाही. राज्यांचे आमदार देतात. कुठल्या राज्याला किती जागा, ते साधारण लोकसंख्येवरून ठरलेलं. उमेदवाराला तीस वर्षं पूर्ण लागतात. काही राष्ट्रपती नेमतात, बारा जण. साहित्य, कला, विज्ञान, समाजसेवा यांतले. मुदत सहा वर्षं. लोकसभा बरखास्त होते, राज्यसभा कधीच होत नाही.

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "कधीच नाही?"

"कधीच नाही. ते स्थायी सभागृह आहे."

"स्थायी!" दादांनी तो शब्द पेढ्यासारखा तोंडात घोळवला. "मग ठरलं. आपल्या परिवाराची राज्यसभा करायची. असंच्या असं."

"पण दादा, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य..."

"ते बघू."

"आणि मतदान टिक करून नसतं, पसंतीक्रमाने..."

"हबीबी, नियम तू लिही. मला साइटवर जायचंय. यल्ला, निघतो."

दादांनी राज्यसभेचं सगळं घेतलं, पण ऐकलं फक्त 'स्थायी' पर्यंत. एक कलम तेवढं त्यांनी गाळायला लावलं, ते नेमणुकीचं. कारण आमच्याकडे प्रत्येक जण स्वतःला साहित्य, कला, विज्ञान आणि समाजसेवा अशा चारही खात्यांत धरतो, नेमणार कुणाला? बाकी नियम सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झाले. बिर्याणी येऊन पोचली होती.

तर नियम असे. दर दहा कुटुंबांमागे एक प्रतिनिधी. हे आमचे आमदार. दुबईचे अठरा, शारजाचे अठरा, अल ऐनचे सहा, एकूण बेचाळीस. त्यांनी सहा जणांचं वरिष्ठ सभागृह निवडायचं. प्रत्येकाचं मत एकच. सर्वांत आवडत्या उमेदवारापुढे १ लिहायचा, त्याच्या खालोखाल २, मग ३, जितके सुचतील तितके. पहिल्या आवडत्याला तुमच्या मताची गरज उरली नाही, तर ते मत वाया जात नाही, दुसऱ्याकडे सरकतं.

हे समजावून सांगायला मी अल ऐनला गेलो. वहिनींनी आधी जेवायला वाढलं आणि मग हिशोब विचारला.

मी सांगितलं, "राज्यसभेत प्रत्येक मताची किंमत शंभर धरतात. आपली बेचाळीस मतं, म्हणजे बेचाळीसशे. जागा सहा. त्यात एक मिळवून सातने भागायचं. आले सहाशे. त्यात एक वाढवायचा. सहाशे एक झाले की उमेदवार निवडून आला."

"आणि आमची सहा मतं म्हणजे किती?"

"सहाशे."

वहिनी हसत सुटल्या. "म्हणजे मी एका मताच्या शंभराव्या भागाने पडणार? एवढं तर मी मीठसुद्धा मोजत नाही!"

"एक कुणीतरी बाहेरचा फोडा," श्रीनाथदादा हळूच म्हणाले. महिनाभरात ते बोललेलं हे बहुधा पहिलंच वाक्य असावं.

"मी कुणाला फोन करू?" वहिनी म्हणाल्या. "मला फोन येतात, मी करत नाही. आणि हात मोडल्यावर गेले होते, आता मत द्या, असं म्हणू का? शोभतं का ते?"

भिवाकाका मात्र वेगळ्याच चिंतेत होते. ते प्रतिनिधी होते आणि कागद पुन्हा पुन्हा न्याहाळत होते. "वेदांग, म्हणजे बाकीच्यांना एक नंबर द्यायचाच नाही?"

"नाही काका. एक फक्त एकालाच."

"चंद्रशेखरला वाईट नाही वाटणार?"

"वाटू द्या की."

काका "बरं बरं" म्हणाले. ते सगळ्यालाच बरं म्हणतात, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

दुबईत दादांचा प्रचार जोरात होता. दुबईच्या प्रतिनिधींना, शारजातल्या ओळखीच्यांना, सगळ्यांना एकच निरोप : "एक नंबर मला. दोन, तीन, चार ज्याला द्यायचा त्याला द्या, त्याने काय होतंय!" दादांच्या मते दोन नंबर म्हणजे समाधानाचं बक्षीस. शिवाय राज्यसभेतली आणखी एक रीत त्यांना फार आवडली होती : तिथे आमदाराला आपली मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते. "हे पाहिजेच," दादा म्हणाले. "खुलं मतदान. पारदर्शकता!" उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने पेटीपाशी उभं राहायचं आणि आपल्या भागातल्यांच्या पत्रिका बघायच्या, असं ठरलं.

मतदान दादांच्याच ऑफिसात, रविवारी. खाली तळं चकाकत होतं. शारजाकर रविवार असूनही ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणत आले; ते त्यांचं हजेरीचं उत्तर आहे. भारतात या मतदानाला निवडणूक आयोग जांभळ्या शाईचं खास पेन देतो, म्हणून मीही तीन दिरहमचं, म्हणजे सत्तर रुपयांचं, जांभळं स्केचपेन आणलं होतं. उमेदवार आठ : दुबईचे चार, शारजाचे तीन, अल ऐनच्या वहिनी.

दादा पेटीशेजारी उभे राहिले. प्रतिनिधी यायचा, पत्रिका उघडून धरायचा, दादा आपल्या नावापुढचा १ बघायचे आणि मान डोलवायचे. "गुड. जा."

मंजुषावहिनीही दुबईच्या प्रतिनिधी. त्यांनी पत्रिका नवऱ्याच्या नाकासमोर धरली. "नीट बघ हं."

"बघितलं. एक. थँक यू."

"अजून बघ."

"अगं चल ना, मागे रांग आहे!"

अल ऐनच्या पत्रिका बघायला श्रीनाथदादा होते. प्रत्येक पत्रिका समोर आली की ते मान फिरवून खिडकीतून तळ्याकडे बघायचे. "दुसऱ्याचं मत काय बघायचं," म्हणाले, "लाज वाटते." भिवाकाकांची पत्रिका आली तेव्हाही ते तळंच बघत होते. पुढे पाच मिनिटांत साठ घरांच्या काळजाचं पाणी झालं ते त्या तळ्यामुळे.

मतमोजणी सुरू झाली. बाराव्या की तेराव्या पत्रिकेला मी थांबलो. आठही नावांपुढे १. सुबक, जांभळे, एकाखाली एक आठ एक्के.

"अवैध," मी म्हटलं. म्हणावंच लागलं. एकापेक्षा जास्त नावांपुढे १ असेल तर मत बाद. तिथे राज्यसभा कुणाचं ऐकत नाही.

पत्रिका कुणाची, ते कुणी विचारलं नाही. सगळं अल ऐन भिवाकाकांकडे बघत होतं.

"काका!"

"अरे, सगळे आपलेच ना," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एकाला एक लिहायचं आणि दुसऱ्याच्या तोंडावर दोन... हात धजावला नाही रे. मला वाटलं, सगळ्यांना दिला की वहिनींनाही मिळालाच."

वहिनी उठून काकांच्या शेजारी जाऊन बसल्या. "असू दे काका. तसेही एक कमीच होतो."

एक मत बाद झालं, त्यामुळे मर्यादाही उतरली : एकेचाळीस मतं, पाचशे शहाऐंशीची गरज. हे बाद मत दुबई-शारजाचं असतं, तर अल ऐनच्या सहा मतांवर वहिनी तिथल्या तिथे निवडून आल्या असत्या! आता होती पाच. पाचशे. शहाऐंशी कमी. अल ऐनच्या एका बाईने पर्समधून गाडीची किल्ली काढून हातात घेतली.

दादांची पहिल्या पसंतीची मतं निघाली चौदा. टाळ्यांचा कडकडाट. शारजाचे फरसाणवाले सूर्यकांतदादा सात मतांनी आले. बाकीची मतं उरलेल्या पाच जणांत थोडी थोडी विखुरली.

"झालं ना?" दादा उभे राहिले. "मी आलो. पेढे वाटू."

"नाही दादा. तुमची मतं जास्त झालीत."

"जास्त? मतं कधी जास्त होतात का?"

"राज्यसभेत होतात. तुम्हाला लागतात पाचशे शहाऐंशी, तुमच्याकडे चौदाशे. वरची आठशे चौदा पुढे सरकणार. या चौदा लोकांनी दोन नंबर कुणाला दिलाय, त्यांच्याकडे."

दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या लॉकरची चावी मागितली. "आणि हे कुणी ठरवलं?"

"तुम्हीच. असंच्या असं म्हणाला होतात."

चौदा पत्रिका मी पुन्हा हातात घेतल्या. तिघांवर १ सोडून काहीच नव्हतं, त्या बाजूला. राहिल्या अकरा. आठशे चौदा भागिले अकरा, प्रत्येकीला चौऱ्याहत्तर. मी पहिली उघडली आणि दोन नंबरचं नाव वाचलं.

"कमलिनी."

अल ऐनच्या बाजूला खुर्च्या सरकल्या. पाचशे चौऱ्याहत्तर. बारा कमी.

दुसरी उघडली. माझाच आवाज चिरकला. "कमलिनी!"

त्यानंतर मी काय वाचलं ते कुणालाही ऐकू गेलं नाही. दोन पुरल्या असत्या, निघाल्या नऊ. प्रत्येक नावाला अल ऐनचा बाक उसळत होता आणि आश्चर्य म्हणजे दुबईचाही. वहिनी तेवढ्या जागच्या जागी बसून होत्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, एवढंच चाललं होतं.

"नऊ?" दादा म्हणाले. "माझ्या चौदातली नऊ?"

निखिल डोकं खाजवत उभा राहिला. "दादा, मला वाटलं मी एकटाच लिहितोय. काय झालं, एक तुम्हाला दिला आणि खाली दोन म्हटल्यावर... हात आपोआप तिकडे गेला. दोन नंबरला आपण कायम वहिनींनाच लिहितो ना."

"मलाही वाटलं मी एकटाच," आणखी एक जण म्हणाला. मग तिसरा. नऊच्या नऊ जणांनी आपापल्या परीने गुपचूप बंड केलं होतं, तेही दादांच्या डोळ्यांदेखत, पत्रिका उघडून दाखवून. दादांना एक दिसला होता. त्याच्या खाली बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"पण ती माझी मतं होती!"

"तुझी कुठली?" मंजुषावहिनी म्हणाल्या. "आमची होती. तुला लागली तेवढी तू घेतलीस, उरलेली आम्ही परत घेतली. आणि मी तुला दोनदा सांगितलं होतं, नीट बघ म्हणून."

मी उभं राहून, आवाज शक्य तितका सरकारी करून जाहीर केलं : "श्रीमती कमलिनी श्रीनाथ, परिवाराच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आल्या आहेत." अल ऐनच्या बायकांनी त्यांना खुर्चीतून उचललंच. ती गाडीची किल्ली गर्दीत कुठेतरी पडली, ती नंतर टेबलाखाली सापडली.

उरलेल्या जागा भरायला आणखी थोडा वेळ गेला, पण तिकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. एकच काम राहिलं होतं. राज्यसभा पहिल्यांदा बनली तेव्हा सगळेच सदस्य एकदम आले होते. मग दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त कसे होणार? म्हणून कुणाची मुदत दोन वर्षं, कुणाची चार आणि कुणाची पूर्ण सहा, हे सोडतीने ठरवलं गेलं. आम्हीही सहा चिठ्ठ्या वाडग्यात टाकल्या. दोनच्या दोन, चारच्या दोन, सहाच्या दोन.

पहिला मान दादांचा. त्यांनी डोळे मिटून चिठ्ठी काढली आणि उघडली.

"दोन," ते म्हणाले. "म्हणजे काय?"

"म्हणजे दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त. हवं तर पुन्हा उभे राहा."

"अरे, पण सभागृह स्थायी आहे ना?"

"सभागृह स्थायी आहे, दादा. सदस्य नाहीत."

क्षणभर वाटलं, आता हा माणूस टेबल उलटवतो. पण सांगितलं ना, मनाने मोठा. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "वेदांग, तू एमपीएससी नापास झालास कसा रे? माणसाला कायद्याने मारतोस तू!"

वहिनींनी चिठ्ठी काढली. सहा. आता मात्र काचांना तडे जातील असा गलका झाला.

"बोला, वहिनी, दोन शब्द," दादांनी स्वतःच माइक पुढे केला.

वहिनींनी माइक उलटा धरला, कुणीतरी सरळ करून दिला. "मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "पुढची बैठक अल ऐनला होईल. कधी, ते मी कळवते."

विचारते नाही म्हणाल्या. कळवते म्हणाल्या. आणि दुबईने टाळ्या वाजवल्या.

तळघरातल्या पार्किंगमध्ये अल ऐनच्या सगळ्या गाड्या एका रांगेत उभ्या होत्या. भिवाकाका प्रत्येकाला पेढा देत होते, दादांचेच पेढे, आणि प्रत्येकाकडून बोलणी खात होते. तेही पेढ्यासारखीच गोड मानून घेत होते. इतक्यात काय झालं कुणास ठाऊक, महिन्याला एक वाक्य बोलणारे श्रीनाथदादा गाडीच्या दारावर हात आपटून ओरडले, "कमलिनीबाईंचा!"

आम्ही दचकलो. मग सगळ्यांनी मिळून छत दणाणून सोडलं. "विजय असो!"

पहारेकरी फैज धावत आला. "क्या हुआ, भाई साब? एक्सिडेंट?"

"जीत गए!" श्रीनाथदादा म्हणाले.

"कौन जीता?"

"मेरी मिसेस!"

"किधर?"

याचं उत्तर श्रीनाथदादांकडे तयार होतं, जणू उभा जन्म त्याचीच तालीम केली होती. "राज्यसभा में!"

फैजने एकदा पंजाबी ड्रेसमधल्या वहिनींकडे पाहिलं आणि टाचा जुळवून खाडकन सलाम ठोकला. "मबरूक, मॅडम! बहुत मुबारक!"

"अरे नाही हो भाऊ, ते आपलं घरगुती..." वहिनी त्याला समजवायला गेल्या, मग थांबल्या. हसल्या. सलाम घेतला. आणि गाडीत जाऊन चालकाच्या जागेवर बसल्या.

जुमेरा लेक टॉवर्समधून गाड्यांची रांग बाहेर पडली ती मी फुटपाथवर उभं राहून पाहिली. सगळ्यांत पुढे वहिनींची गाडी. गाडी त्या चालवत होत्या, आणि शेजारी बसलेले श्रीनाथदादा हात लांब करून हॉर्न वाजवत होते.